खिडकी चुकवणारी वाट

सूड म्हणजे दार ठोठावून घ्यायची गोष्ट, असं मी मानत आले. कोणी पोराचा प्रवेश अडवला की आम्ही त्याच्या दारात ठिय्या द्यायचो, घसा बसेपर्यंत ओरडायचो, आणि बऱ्याचदा काम व्हायचंही. थंड डोक्याने वाट बघत बसणारी माणसं मला लबाड वाटत. बुरशी भेटली आणि ते मत मला बदलावं लागलं.

बुरशी हे काही तिचं खरं नाव नव्हे. वसतिगृहातल्या पोरींनी ते ठेवलं, कारण तिच्या कपाटात, कपड्यांच्या खालच्या खणात, काचेच्या बशांमध्ये एक पिवळा चिकट जीव वाढत असायचा. ओलसर, शिरा शिरा पसरलेला, सांडलेल्या अंड्यासारखा. शास्त्रात त्याला स्लाइम मोल्ड म्हणतात. ही बुरशी नव्हेच, हे सुरुवातीला ती प्रत्येकीला समजावत बसायची. मग थकली आणि त्या नावाला ओ देऊ लागली. त्या जिवाला मात्र ती पिवळी म्हणायची. पिवळी उपाशी आहे म्हणून ताटावरून उठून जायची. पोरी म्हणायच्या, हिला सासर नको, बशी द्या.

कॉलेजच्या मागच्या गल्लीत, सायकलच्या दुकानावर आमची वाचनखोली; ती मी सांभाळते, आणि ठिय्याला बसणारी पोरं इथलीच. मी शाळा लवकर सोडलेली, जे काय शिकले ते इथलीच पुस्तकं झाडता झाडता. बुरशी तिथे यायची ती खिडकीजवळच्या टेबलासाठी. बाप नळवाला. लहानपणी त्याच्यामागून पान्ह्यांची पिशवी घेऊन ती घराघरांत हिंडली होती. बापाचं एक वाक्य तिच्या तोंडी कायम: पाइप वाकडा दिसला की समजायचं, भिंतीत काहीतरी आड आलंय. उगाच कोणी वाकडं जात नाही.

तिचं संशोधन ऐकायला खुळ्यासारखं वाटेल, म्हणून सावकाश सांगते. गावातल्या एका शाळेला फाटकापासून वर्गांपर्यंत छपराची वाट बांधायची होती. वाट कुठून न्यायची, हा प्रश्न. बुरशीने शाळेचा नकाशा बशीखाली ठेवला. बशीत जेलीसारखा थर. नकाशात जिथे वर्ग, नळ, मैदान, संडास, तिथे तिथे ओट्सचा एकेक दाणा, आणि फाटकाच्या जागी पिवळीचा तुकडा. मग बशी अंधारात. पिवळी दाणे शोधत पसरते, नको तिथल्या शिरा आखडून घेते, आणि शेवटी उरतं ते जाळं: कमीत कमी फिरून सगळ्यांना जोडणारं. त्याचा फोटो कॉम्प्युटरला द्यायचा, त्याने त्यातून वाटेचा आराखडा काढायचा, कुठे रुंद, कुठे अरुंद, कुठे खांब. मग छपराचं वजन आणि पाण्याचा उतार, ते इंजिनिअरिंगचं काम.

पण नळवाल्याचीच पोर ती. बशी लावायच्या आधी शाळेत जाऊन बसली. मुलांना खडू दिले आणि म्हणाली, तुम्ही मधल्या सुट्टीत जसे जाता तशी रेघ मारा. मुलांनी मैदानभर रेघा मारल्या. सगळ्यांच्या रेघा एका जागी फुगल्या होत्या. फाटकाकडून नळाकडे सरळ जाता येत असताना प्रत्येकाने तिथे पोट काढून वळसा घातला होता. का म्हणून विचारलं तर सगळे हसायला लागले, एकमेकांना ढकलायला लागले. शेवटी एक दात पडलेली चिमुरडी तिच्या कानाशी आली. तिथे मोठ्या बाईंची खिडकी आहे. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, खिडकीतून दिसेल त्याला आत बोलावतात, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावतात, आणि अडखळला की त्याची नक्कल करतात. म्हणून कोणी त्या खिडकीसमोरून जात नाही. जे जातात ते वाकून जातात.

सांगायचं नाही कुणाला, असं त्या चिमुरडीने तिच्याकडून वदवून घेतलं. करंगळीत करंगळी अडकवून. मलाही हे कळलं ते खूप नंतर, त्या चिमुरडीच्याच तोंडून.

बुरशीने मग बशीत त्या खिडकीच्या जागी मिठाचे चार कण टाकले. पिवळीला मीठ सोसत नाही, ती लांबून वळते. मीठ जेलीत विरघळून जातं, डोळ्यांना काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी बशी उघडली तर पिवळीने हुबेहूब मुलांसारखाच वळसा घातला होता. त्या दिवशी ती वाचनखोलीत आली ती नाचतच. मुलांची भीती आता मोजमापात आली, म्हणाली. मला सगळं समजलं नाही, पण चहा मी पाजला.

आता अडचण अशी की या कामाला घर नव्हतं. मुलांशी बोलली, म्हणजे शिक्षणशास्त्र. पिवळी, म्हणजे जीवशास्त्र. छप्पर इंजिनिअरिंगचं, आराखडा संगणकीय डिझाइनचा. दरवर्षीच्या विद्यार्थी संशोधन मेळाव्यात प्रवेशिका द्यायची तर एकच विभाग लिहावा लागतो. एकेका विभागाने तिला हसतमुखाने पुढच्या दाराकडे पाठवलं. चार घरची पाहुणी उपाशी, तशी गत. तेव्हा डिझाइनचे सर मदतीला धावले.

या सरांना मुलं गुळगुळीत सर म्हणत. दाढी गुळगुळीत, बूट गुळगुळीत, बोलणं तर विचारूच नका, कानावरून घसरून जायचं आणि हाताला काही लागायचं नाही. ते म्हणाले, बेटा, तू काळजी सोड, विभागाचं मी बघतो, सगळं माझ्याकडे दे. तिने फोटो, आराखडे, बशा, सगळं दिलं. आणि एक गोष्ट तोंडानेही सांगितली, की सर, या जागी मुलं जात नाहीत, म्हणून मी इथे मुद्दाम अडथळा टाकलाय. सर फोनमध्ये बघत होते. हो हो, छान, म्हणाले.

मेळाव्याच्या पहिल्या फेरीची यादी लागली तेव्हा काम तेच होतं, फोटो तेच, वळसाही तोच. नाव मात्र सरांच्या लाडक्या चेल्याचं. लाडका बड्या घरचा, इंग्रजी फर्डं, बाहेरदेशी जायची तयारी झालेली, फक्त नावावर एक संशोधन हवं होतं. बुरशीचं नाव सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत: सहकार्य.

हे नुसतं मानापमानाचं नव्हतं. तिचं ते शेवटचं वर्ष. पुढे संशोधनाला जागा मिळायची तर स्वतःच्या नावावर एक काम लागतं. नाही तर पोरगी परत गावी, एखाद्या क्लासमध्ये गणितं शिकवायला. ती सरांकडे गेली तर सर म्हणाले, अगं कल्पना कोणाच्याही डोक्यात येतात, आकार देणारा महत्त्वाचा. शिवाय मी तुझ्यासाठी इतकं केलं, खाल्ल्या मिठाला जाग जरा.

हे ऐकून माझं टाळकं सटकलं. मी पोरं गोळा केली. घोषणा तयार झाल्या, एक तर अशी झणझणीत होती की अजून आठवते. बुरशी आली, खिडकीशी बसली, शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"ताई, मोर्चा नको," ती म्हणाली. "तुम्ही ओरडलात की ते गप्प बसतील. मला ते बोलायला हवेत."

"कशावर बोलायला?"

"वळशावर."

मला उलगडायला वेळ लागला. सरांना मीठ माहीत नव्हतं. लाडक्याला तर पिवळी खाते काय हेही धड माहीत नव्हतं. पण वळसा तर फोटोत ठसठशीत दिसतोय आणि कोणी ना कोणी विचारणारच, की बाबा, सरळ रस्ता असताना ही इथे का वळली? तेव्हा काहीतरी सांगावं लागणार. आणि आमच्या विद्वानांची एक खोड आहे, "माहीत नाही" हे दोन शब्द त्यांना येत नाहीत.

म्हणून पहिल्या फेरीच्या सादरीकरणात पहिला हात बुरशीनेच वर केला. गोड आवाजात विचारलं, सर, हे वळण किती सुंदर आहे, ते कशामुळे येत असेल? लाडका सरांकडे बघायला लागला. सर उठले आणि म्हणाले, गर्दी विभागली जावी म्हणून जीव असं करतो. लोकांनी माना डोलावल्या. बुरशीने सगळ्यात जास्त डोलावली.

पुढच्या वेळी कुठल्याशा परिसंवादात सर म्हणाले, निसर्ग सरळ रेषा टाळतो. त्याच्या पुढे वर्तमानपत्रात त्यांचा अर्ध्या पानाचा लेख आला, त्यात लाखो वर्षांची निसर्गाची बुद्धी म्हणे या एका वळणात साठली होती. फोटोत सर वळणावर बोट ठेवून उभे. बुरशीने ते कात्रण कपाटाच्या दारावर आतून चिकटवलं, पिवळीच्या रिकाम्या खणाच्या बरोबर समोर. मी दात-ओठ खायचे, आणि ही म्हणायची, चढू दे अजून, उंचावरून पडलेलं जास्त लागतं.

बाप एकदा भेटायला आला होता. पोरीचं सगळं ऐकून म्हणाला, म्हणजे गळती तुला माहीत आहे आणि तू त्यांना वर फरशी बसवू देतेस. ती हो म्हणाली. बाप म्हणाला, महागाची बसवू दे मग.

खरी पिवळी सरांच्या प्रयोगशाळेत अडकली होती. पण बुरशीने सरांना बशा देताना एक तुकडा कागदावर वाळवून कंपासपेटीत ठेवला होता. पिवळीला पाणी मिळालं नाही की ती सुकून कडक खपली होते. मेली असंच वाटतं. महिनोन्महिने तशी पडून राहते, आणि ओल मिळाली की पुन्हा सरपटायला लागते. बुरशी कधीकधी पेटी उघडून ती खपली नुसती बघायची. त्या वेळी तिच्या तोंडावर जे असायचं त्याला मी अभ्यास म्हणणार नाही.

वर्ष सरत आलं आणि मेळाव्याची शेवटची फेरी आली. तीन दिवसांची. मोठा मांडव, चारही विभागांची टेबलं, मधोमध सरांचा आराखडा, लाकडी नमुन्यासकट. वाट बांधायची ती शाळा म्हणून मोठ्या बाई पाहुण्या, पुढच्या रांगेत. अध्यक्ष जीवशास्त्राच्या बाई, करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मागे कधीतरी एक नियम करून ठेवला होता: जिवंत प्रयोग असेल तर मेळाव्याला आलेला कोणीही "पुन्हा करून दाखवा" म्हणू शकतो. नियम कागदावर होता, वापरत कोणी नव्हतं. तू माझ्या पोराला विचारू नकोस, मी तुझ्या पोराला विचारणार नाही, असा सगळ्या सरांचा आपसांत अलिखित करार. पुन्हा करून दाखवा म्हणणं म्हणजे चोर म्हणणं.

लाडक्याने छान इंग्रजी-मिश्रित भाषण केलं. सरांनी वळणावर शेवट केला. टाळ्या पडल्या. बुरशी उभी राहिली आणि म्हणाली, बाई, मला हे पुन्हा बघायचंय.

मांडवातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. सर हसले, म्हणाले, अवश्य, अवश्य. नाही म्हणायची सोयच नव्हती. लाडक्याने सगळ्यांसमोर बशा लावल्या, दाणे मांडले, फाटकाशी पिवळी ठेवली. अध्यक्ष बाईंनी बशा कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं. प्रत्येक बशीत पिवळी फाटकाकडून नळाकडे गेली होती ती सरळ, खिडकीसमोरून, एखाद्या निलाजऱ्यासारखी. वळसा एकाही बशीत नव्हता.

सर अजूनही घसरले नाहीत. म्हणाले, जिवंत गोष्ट आहे, रोज एकसारखी थोडीच वागेल? मला वाटलं, गेलं. सुटला हा. मी उठतच होते, बुरशीने बसल्या जागेवरून माझ्याकडे असं बघितलं की मी खाली बसले.

ती पुढे झाली. बाईंना म्हणाली, तुम्ही बशीच्या काचेवर खालून कुठेही खूण करा, पिवळी तिथेच वळसा घालेल. बाईंनी चष्मा वर केला, तिला नीट पाहून घेतलं, आणि लाल पेनने एक ठिपका दिला. मुद्दाम अवघड जागी, दोन दाण्यांच्या अगदी मध्ये. कंपासपेटीतली खपली तिने वसतिगृहातून निघण्यापूर्वीच ओली करून जिवंत केली होती. तिने बशी लावली. हात काय करतात हे कोणाला कळलं नाही, पण चिमूट मी पाहिली. पुन्हा कुलूप.

तिसऱ्या दिवशी मांडवात उभं राहायला जागा नव्हती. बशी उघडली. लाल ठिपक्याभोवती पिवळा वळसा. बाईंनी बशी उजेडाकडे धरली, बराच वेळ धरली.

"कसं केलंस?"

"मीठ, बाई. पहिल्या बशीतही तेच होतं. माझ्या बशीत."

कुठेतरी कोणीतरी फसकन हसलं. आणि सरांनी, गुळगुळीत माणूस तो, त्या हसण्याच्या आतच बाजू बदलली. उठून म्हणाले, म्हणजे या मुलीने कबूल केलं की तिने प्रयोग बिघडवला. न सांगता मीठ टाकलं. अशी फसवणूक करणारीला कुठल्याच विभागात जागा नसावी. वाक्य संपेपर्यंत आवाज चांगलाच चढला होता, आणि मागच्या रांगांत चार माना हललेल्याही मी पाहिल्या.

अध्यक्ष बाईंनी विचारलं, पहिल्या बशीत मीठ त्याच जागी का टाकलंस?

इथे सगळं होतं. तिने एक वाक्य बोलायचा अवकाश, की मुलांच्या रेघा तशा होत्या, कारण तिथे खिडकी आहे, आणि खिडकीतली बाई ती बघा पुढच्या रांगेत बसलीय. सर तर चितपट झालेच असते, वर मोठ्या बाईंचाही फडशा. मी असते तर बोलले असते. दोनदा बोलले असते. बुरशीने पुढच्या रांगेकडे पाहिलं, आणि तिची करंगळी मुठीत गेली.

"ते मुलांचं आहे, बाई. त्यांनी सांगितलं म्हणून टाकलं. का, ते मी सांगणार नाही. आणि सरांना न सांगता नाही टाकलं. सांगितलं तेव्हा सर फोन बघत होते."

सर म्हणाले, पुरावा?

मग ती सरांकडे वळली. आवाज चढला नाही, उलट खाली आला.

"पुरावा तुम्हीच वर्षभर देत आलात, सर. वळण म्हणजे बिघाड असेल, तर माझ्या बिघाडाला तुम्ही पेपरात निसर्गाची बुद्धी म्हणालात. आणि वळण म्हणजे शोध असेल, तर तो माझा आहे. दोन्हीतलं काय ते इथेच सांगा. मी लिहून घेते."

सरांनी खिशातून फोन काढला आणि त्यात बघायला लागले. हा माणूस मान खाली घातलेला मी प्रथमच पाहिला, आणि खोटं कशाला सांगू, मी डोळे भरून पाहिला. लाडका हळूच टेबलामागून सरकून मांडवाच्या कनातीकडे गेला होता. पण त्या गोंधळात माझं लक्ष दुसरीकडे गेलं. मोठ्या बाई उठून लाकडी नमुन्यापाशी आल्या होत्या. त्यांनी फाटकावर बोट ठेवलं, वाटेवरून नेलं, वळशाशी थांबवलं, आणि वळसा ज्याला चुकवत होता त्या भिंतीवर टेकवलं.  मग पर्स उचलून निघून गेल्या.

अध्यक्ष बाईंनी निकाल तिथेच दिला. काम बुरशीचं, विभाग चारही, आणि एकच विभाग लिहायचा नियम पुढच्या वर्षापासून रद्द. फलकावरचं लाडक्याचं नाव खोडायला कारकून आला तेव्हा बुरशीने त्याला थांबवलं. म्हणाली, दादा, पूर्ण नका काढू. खाली लिहा. सहकार्य. बारीक अक्षरांत, जिथे माझं होतं तिथेच. आणि मार्गदर्शक म्हणून सरांचं नाव होतं तिथे कोरी जागा ठेवायला लावली. कारकुनाने विचारलं, काहीच नको? ती म्हणाली, लोकांना विचारू दे.

संशोधनाला जागा तिला मिळाली. सरांची नोकरी गेली नाही, अशांच्या जात नाहीत. पण गुळगुळीत हे नाव त्या दिवशी गेलं, आता ते मीठसर. त्यांच्या टेबलावर दर वर्षाच्या पहिल्या दिवशी कोणीतरी मिठाची पुडी ठेवतं. नवी पोरं कारण न कळताही ठेवतात. बुरशीने हे कधी सांगितलं नाही आणि कधी थांबवलंही नाही.

वाट बांधून झाली, वळशासकट, कारण इंजिनिअरिंगवाल्यांनी मोजमापं आधीच पाठवली होती. मोठ्या बाई निवृत्त झाल्या, ती चिमुरडी आता कॉलेजात आहे, म्हणून हे सगळं लिहायची परवानगी मी तिच्याकडून घेतली. मध्यंतरी बुरशी आणि मी मुद्दाम शाळेत गेलो. मोठ्या बाईंनी जाण्यापूर्वीच, मेळाव्यानंतरच्या आठवड्यात, आपलं टेबल खिडकीपासून आतल्या भिंतीशी हलवलं होतं, असं शिपायाने सांगितलं. खिडकीत आता कुंड्या आहेत.

मधली सुट्टी झाली. पोरं सुटली ती छपराची वाट सोडून, वळसा सोडून, खिडकीसमोरून सरळ नळाकडे. गवतात त्यांच्या पायांनी पांढरी रेघ पडली होती. छपराखालच्या वळशावर एक कुत्रं झोपलेलं.

मी हसले. म्हटलं, घ्या, तुझी वाट चुकीची ठरली. पाडायला सांगायची का?

ती त्या कुत्र्याकडे, मग खिडकीकडे बघत राहिली. "राहू दे, ताई," म्हणाली. "बाई बदलतात. पुन्हा लागेल."